वायरीसाठी फ्यूज

"काका, 16 चा सारखा पडतोय, 32 चा एमसीबी टाकून द्या." सोसायटीच्या मीटर रूममध्ये परवा एका ताईंनी सांगितलं, आणि मला गिरगावातली चाळ आठवली. जिन्याखाली लाकडी बोर्ड, त्यावर चौदा बिऱ्हाडांचे किटकॅट फ्यूज. एक फ्यूज तिसऱ्यांदा गेला म्हणून मी, शिकाऊ पोराने, त्यात तांब्याची तार दुहेरी पिळून बसवली. उस्तादांनी मेन पाडला आणि माझा हात त्या बिऱ्हाडाच्या वायरीवर ठेवला. इन्सुलेशन मऊ पडलं होतं. "फ्यूज हिच्यासाठी असतो," ते म्हणाले. "ही जेवढं सोसेल, त्याच्या आत तो तुटला पाहिजे."

ताईंना मी तेच समजावलं. 16 अँपिअरचा एमसीबी उतावळा नसतो. 18 अँपिअरला तो तासभर तग धरतो. 23 च्या पुढे गेलं की तासाच्या आत त्याला पडावंच लागतं. भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर या हिशेबाची. गीझर आणि एसी एकाच वायरीवर होते, म्हणून एसीला वेगळी लाइन ओढून दिली.

1956 च्या भारतीय वीज नियमांतला 31वा नियम मला फार जवळचा. एका सर्व्हिस लाइनवर अनेक ग्राहक असतील, तर प्रत्येकाला जोडणीच्या जागीच स्वतंत्र कटआउट हवा, असं तो सांगायचा. 'जागीच' हा शब्द मोलाचा. एमसीबी नुसता तिसऱ्या मजल्यावर दाराशी बसवला, तर बसबारपासून तिथवरची बारीक वायर इमारतीच्या 100 अँपिअरच्या फ्यूजच्या भरवशावर राहते. त्याला जाग येईपर्यंत जिन्यात धूर झालेला असतो.

न्यूट्रलची चूक मला याहून भयंकर वाटते. तिथे फ्यूज घालायला त्या नियमांतला पुढचाच नियम मनाई करायचा. एका जुन्या इमारतीत तीन फेजच्या रांगेत कुणीतरी चौथा किटकॅट न्यूट्रलला लावला होता. नेमका तोच उडाला, फेज चालूच राहिले. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतून सिरीजमध्ये आली. भार जास्त तिथे दिवे मिणमिणले, कमी तिथे व्होल्टेज 400 कडे चढलं. वरच्या मजल्यावरच्या आजींचा फ्रिज जळाला. त्यांच्या घरात काहीच चुकलं नव्हतं. रात्री एक वाजता न्यूट्रलला तांब्याची पट्टी बोल्टने आवळली आणि मल्टिमीटर घेऊन दारोदार फिरलो. आजींच्या प्लगमध्ये 232 दिसले, तेव्हा खाली उतरलो.