बेसा ते मोहननगर

गुरुवारी नागपूरच्या बेसात स्वामी समर्थांच्या मंदिराकडे माणसांची रीघ लागते. थकलेल्या आजीला नातू स्कूटरवर मागे बसवून आणतो, दर्शन झालं की पुन्हा घरी. देव जवळ असला की म्हातारपण थोडं सोपं जातं. आमच्या गल्लीतल्या आंटींचं कॅथेड्रल मात्र मोहननगरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. उमेदीची वर्षं त्यांनी सदर भागात काढली, तेव्हा त्या चालत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायच्या. मग मुलाने इकडे फ्लॅट घेतला. शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या या वस्तीत घर मोठं मिळालं आणि रविवार लांब गेला.

मेट्रो 2021 मध्ये मोहननगरजवळच्या कस्तुरचंद पार्कपर्यंत पोचली, हे खरं. पण ती पकडायला गुडघ्यांना आधी वर्धा रोडपर्यंत पोचायचं असतं!

आजाऱ्यांना रविवारच्या मिस्साचं बंधन नाही. फादर घरी कम्युनियन घेऊन येतात, बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या संताने लिहून ठेवलंय, की जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, घरी पोचवतात. पोप सहावे पॉल यांनी 1973 मध्ये हे काम करायची मुभा प्रापंचिकांनाही दिली. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, छोट्या गोल डबीतून आलेला ख्रिस्तप्रसाद. सोहळा साधा आणि सुंदर.

तरी आंटी म्हणाल्या, "फादर येतात नं. पण घरी मी एकटीच असते नं."

त्यांना गाडीतून मिस्साला नेऊ लागलो तेव्हा या बोलण्याचा अर्थ उमगला. मिस्सात एक क्षण येतो, शांती देण्याचा. रोमने 1969 मध्ये मान्य केलेल्या बारा भारतीय प्रथांमध्ये या वेळी हात जोडून नमस्कार करणंही आहे. पुढच्या बाकावरचे मागे वळतात, मागचे मान लववतात. आंटी बसल्या जागीच वळतात, डावीकडे, उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. कुणी सुटायला नको. हा नमस्कार डबीत घालून घरी नेता येत नाही. मिस्सा संपल्यावर त्यांना निघायची घाई नसते. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची नात कॅनडाला गेली, सगळं ऐकून मगच गाडीत बसतात. मी ख्रिस्ती नाही. मागच्या बाकावर बसून असतो. पण या गप्पा प्रार्थनेतून वगळाव्यात असं मला वाटत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला. चांगलं केलं. उरलेल्या रविवारी मात्र गाडी लागते, आणि गाड्या बेसात दारोदार उभ्या आहेत.

तुमच्या गल्लीत अशी आंटी असेल, तर "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. ती सांगणार नाही. शनिवारी संध्याकाळी बेल वाजवा आणि सरळ विचारा: उद्या किती वाजता निघायचं?