चकाकीचें मोल

विमान उतरूं लागलें कीं इतरांचे डोळे खिडकीबाहेर असतात; माझें मन मात्र चाकांकडे धांवतें. तेथील पोलादी दट्ट्या क्षणांत सारा भार झेलतो. त्याची आरशासारखी चकाकी कठीण क्रोमच्या मुलाम्याची. झीज थोपविण्यांत हा मुलामा मोठा गुणी. पण तो जेथें चढतो त्या हौदापाशीं उभ्या असलेल्या कामगाराची आठवण आम्हां उतारूंना कितीशी होते? द्रावणांतून बुडबुडे उठतात आणि षट्‌संयुजी क्रोमियमचे तुषार हवेंत मिसळतात. त्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग होतो. अमेरिकेनें २००६ सालीं घनमीटर हवेंतील त्याची मर्यादा ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, ती उगाच नव्हे.

आतां टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट व क्रोमियम यांची भुकटी ध्वनीहून वेगवान अशा तप्त झोतानें पोलादावर बसवितात. हा लेप अधिक टिकतो. मुलाम्याच्या वेळीं हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होण्याची भीतीही टळते. मात्र अरुंद नळीच्या आंत हा झोत पोंचत नाहीं आणि कोबाल्टची धूळही निरुपद्रवी नव्हे. म्हणून जुने हौद अद्याप सर्वत्र रिते झालेले नाहींत.

विमान सुखरूप उतरावें, ही इच्छा रास्तच. परंतु तिचें मोल दुसऱ्याच्या श्वासानें चुकतें होऊं नये, असें मला वाटतें.