अक्कलकोटला न जाता अक्कलकोट रोड

सोलापूर स्टेशनवर उतरणारे बरेचसे लोक सोलापूरला आलेलेच नसतात. कुणी तुळजापूरला निघालेलं असतं, कुणी पंढरपूरला, कुणी अक्कलकोट करून पुढे गाणगापूरला. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी फलाटाला लागली, की थोड्याच वेळात ही सगळी मंडळी एसटीत नाहीतर जीपमध्ये बसून गावाबाहेर पडतात. मीही त्यांच्यातलीच. या खेपेला मात्र शनिवार-रविवार सोलापुरातच काढायचा असं ठरवलं होतं. मैत्रिणीनं फोनवर विचारलं, "बघायचं काय आहे तुला?" मी म्हटलं, "एमआयडीसी." पलीकडून काही आवाज येईना. मग ती म्हणाली, "काय बे, बरी आहेस ना?"

तिचं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. पद्मशाली कुटुंब. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कानडी आणि दखनी, असं तिचं लहानपण. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी हा भाग उभा केला. आधी हातमाग, मग यंत्रमाग, आणि घरातली बाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी. तिच्या आईनंही वळल्या. एमआयडीसी बघायला कुणी पाहुणी येते, हे त्या घराला शेवटपर्यंत पटलं नाही.

तरी सकाळ रीतीप्रमाणे गेली. भुईकोट किल्ला बहामनी काळातला. आत आता बाग आहे आणि बाकांवर अभ्यास करणारी पोरं. पेशवाईचा शेवट जवळ आला तेव्हाची एक लढाई इथं झाली, आणि 1818 च्या मे महिन्यात किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तटावरून दिसतं ते सिद्धेश्वराचं तळं आणि पाण्यातलं देऊळ. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याची यात्रा भरते. तेव्हा सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. एरवी देवळात निवांतपणा असतो. चार हुतात्म्यांचे पुतळे बघितले. 1930 साली या शहरात मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. बाहेरगावच्या पाट्यांवर सोलापूरची ओळख म्हणून चादर येते, हे चौघे येत नाहीत. मला ते खटकतं.

जुन्या गिरणीच्या बाजूनं पुढं निघालो. मोरारजी गोकुळदासांनी 1877 मध्ये ही गिरणी काढली आणि सोलापूर गिरणगाव झालं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि एकेक करून बंदही पडल्या. भोंगे थांबले, पण माग थांबले नाहीत. ते गल्लीबोळांत शिरले, आणि नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. मला बघायचं होतं ते हेच.

शेअर रिक्षा दत्तनगर, गांधीनगर करत निघाली. पाट्यांवर मराठीखाली तेलुगू अक्षरं दिसायला लागली. एमआयडीसीत शिरलो तर पर्यटकासाठी म्हणून काहीही नव्हतं. पत्र्याच्या शेड, सुताच्या गठ्ठ्यांनी वाकलेले टेम्पो, चहाच्या गाड्या, आणि भिंतीमागून येणारी खटखट. ही खटखट एका यंत्राची नसते. प्रत्येक शेडची लय वेगळी, आणि चौकात उभं राहिलं की त्या सगळ्या एकमेकींत घुसतात.

एका कारखान्यात मैत्रिणीच्या ओळखीनं आत गेलो. (ओळख नसेल तर आधी फोन करून जावं आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा.) आत बोलणं ऐकू येत नाही. कामगार ओठ आणि बोटं वाचतात. दिव्याभोवती, जाळीवर, पापण्यांवर सुताची तूस. मागावरच्या वयस्क अण्णांना मी टॉवेलला लूप कुठून येतात असं विचारलं, तेव्हा त्यांनी हात धरूनच मला मागाशेजारी उभं केलं. "बघा की. ताणे दोन हायेत."

एक ताणा घट्ट ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. बाण्याचा धागा टाकल्यावर फणी तो पुढं ठोकते, पण दोनदा ती मुद्दामच थोडी मागं थांबते. तिसऱ्या धाग्याला मात्र तिन्ही धागे मिळून पूर्ण पुढं सारते. घट्ट ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा पुढं ढकलला जातो आणि त्याला जायला जागा नसल्यानं तो वर उचलला जाऊन लूप होतो. इतकंच. आयुष्यभर टॉवेल वापरून हे मला माहीत नव्हतं. अण्णांनी आमच्यासाठी माग क्षणभर बंद केला, आणि लगेच परत चालू केला. मजुरी नगावर असते, आमच्या कुतूहलाचे पैसे त्यांच्याच खिशातून जात होते. मी घाईनं बाजूला झाले.

चादरीचे माग शेजारच्या आळीत बघायला मिळाले. इथं मागाच्या डोक्यावर जकार्ड असतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तिच्या वाट्याचा ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. मोर, कमळ, कोयऱ्या असं सगळं त्या पुठ्ठ्यांत आधीच लिहिलेलं. चादरीच्या एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. सोलापुरी म्हणून पानिपतचा माल खपतो, असं इथं जो तो सांगतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पण रस्त्याकडेच्या दुकानात मानांकन कोण विचारतं? आणि खरं तर एमआयडीसीनंच चादरीकडं पाठ फिरवली आहे. टॉवेल परदेशी जातो, तिथं पैसा आहे. चादर विणणारे माग कमी होत गेले.

मे 2025 मध्ये याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठजण गेले. आवारातच राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगार, दोघंही त्यांत होते. कापूस, धागा, तयार माल, आणि वर नाहीतर बाजूला राहायच्या खोल्या, ही रचना इथं नवलाची नाही. आगीचा विषय मी काढला नव्हता. चहा पिताना लोकच आपणहून त्यावर आले. ज्या शेडमध्ये आम्ही गेलो, तिथल्या मालकानं मागचं दार उघडून दाखवलं, त्यापुढचे गठ्ठे हलवलेले होते. "आता हे असंच ठेवायचं," तो म्हणाला. ते तसं राहो.

दुपारी तसंच पुढं कुंभारीला गेलो. विडी कामगार बायांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथं आहे. दहा हजार घरं. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले होते. मागे लागून हे घडवून आणणारे नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर. पलीकडं रे नगरची तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. एकाच माळावर दोन पंतप्रधान येऊन गेले, आणि दोघांनाही आणलं ते लाल झेंड्याच्या कामगारांनी! महाराष्ट्रात सहलीला जाऊन घरांच्या रांगा बघणारी मी पहिली नसेन, पण गर्दी नव्हती हे नक्की. एका ओट्यावर मावशी विड्या वळत होत्या. तेंदूचं पान कापून, तंबाखू भरून, वळून, दोरा बांधेपर्यंत मला त्यांची बोटं नीट दिसलीही नाहीत. हजारावर मजुरी. "फोटू काढ की," त्या म्हणाल्या, "पण हात काढ, तोंड नको."

रात्री घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि कितीतरी दिवस टिकते, म्हणून सोलापूरहून न्यायची वस्तू म्हणून मी तिला चादरीच्या वर ठेवते. शेंगाची चटणी कुटून केलेली घ्यावी, तेल सुटलेली. मिक्सरची कोरडी लागते.

रविवारी भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघायचं ठरलं होतं. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करायला गेला आणि 1942 मध्ये तिथंच वारला. चिनी पाहुणे अजूनही हे स्मारक बघायला येतात.

पण मैत्रिणीच्या आईनं दारातच अडवलं. "काल अक्कलकोट रोडला जाऊन आलीस, आन् स्वामींना न भेटता परत चाललीस?" मी म्हटलं, "काकू, मुद्दामच नाही गेले. सगळे तिकडंच जातात म्हणून." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाद संपला. कोटणीस सकाळी घाईघाईत उरकले, आणि आम्ही अक्कलकोटच्या एसटीत बसलो. वटवृक्षाचं दर्शन, अन्नछत्रातलं जेवण, झालं. बस एमआयडीसीवरून परत येताना काकू खिडकीशी होत्या. शेडांकडं बोट करून त्या कुठल्या कारखान्यात कोण कामाला होतं, कुणाचे माग विकले गेले, कुणाचा पोरगा पुण्याला गेला, ते सांगत राहिल्या. आदल्या दिवशी मला त्यांना बरोबर न्यायला हवं होतं.