माइकचं तोंड कुठे असतं?

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरवल्यावर पहिला माइक मी रूप बघून घेतला. सोनेरी जाळी, जाडजूड धातूचं अंग, रबरी पाळण्यात टांगायची सोय. दुकानातला मुलगा कंडेन्सर आणि डायनॅमिकमधला फरक सांगू पाहत होता. पण जन्म पेटी वाजवण्यात गेलेल्या माणसाला हा काय आवाज शिकवणार, अशा तोऱ्यात मी होतो. घरी जोडला, तर आवाजच नाही. तावातावाने परत घेऊन गेलो. त्याच मुलाने इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं. कंडेन्सरला फँटम पॉवर लागते, हे खोक्यावरही छापलेलं होतं.

पुढची चूक जास्त टिकली. स्टेजवरच्या माइकमध्ये टोकाकडून गायचं असतं, म्हणून इथेही तसंच गात राहिलो. हा माइक बाजूने ऐकणारा निघाला. अशा माइकवर कंपनीचं चिन्ह असतं, ते सहसा त्याचं तोंड. मी कित्येक महिने त्याच्या टाळूवर गात होतो. आवाज दबका यायचा, म्हणून गेन वाढवायचा. मग पंखा, कुकरची शिट्टी आणि खालची रिक्षा माझ्याहून सुरेल ऐकू यायची.

मग खोलीवर राग काढला. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, टाळी वाजवली की टणटण. आईची गोधडी काढून माइकच्या पाठीमागे लावली. फरक अगदी किंचित. कार्डिऑइड माइकची पाठ जवळजवळ बहिरी असते. त्याला ऐकू येते ती गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारी लाट. गोधडी माझ्या पाठीमागे आली, माइकची पाठ खिडकीकडे केली, आणि एक रुपया न घालवता निम्मा त्रास गेला. तोवर दुसरा, आणखी महाग कंडेन्सर घेऊन झाला होता, ही गोष्ट घरात फारशी काढत नाहीत.

आता आवाजासाठी साधा डायनॅमिक वापरतो, १९६६ पासून स्टेजवर चालत आलेला शुअरचा एसएम ५८. त्याला गेन जास्त द्यावा लागतो, पण शेजारच्यांच्या संसारात तो फारसं लक्ष घालत नाही. तोंडापासून चार-सहा बोटं, जरासा तिरका. अगदी ओठांशी धरला तर खर्ज उगाच फुगतो आणि ‘प’, ‘भ’ धडकतात.

एवढं सगळं जमल्यावर आत्याला बसवलं. तिची पाठ असलेली जुनी भजनं घ्यायची होती. लेव्हल लावायला म्हटलं, “आत्या, काहीतरी बोल.” ती भाजीच्या भावावर बोलली, मी काटा छान वर आणून ठेवला. भजन सुरू झालं, अंतऱ्याला ती तार षड्जावर गेली आणि आवाज फाटला. मी डोळे मिटून मान डोलवत होतो, लाल दिवा बघितलाच नाही. चोवीस बिटमध्ये शिखर उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवलं तरी काही बिघडत नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला बहुतेक शिवता येत नाही. लेव्हल लावायची ती सर्वांत चढी ओळ गायला लावून.

आत्याचा आवाज आता तिथवर पोचत नाही. त्या भजनांची ऐकण्याजोगी प्रत एकच आहे, भाचीने कोपऱ्यात बसून फोनवर घेतलेली.