डॉक्टरांचे दर आणि आपण



आजचा विषय पाहून काहीजण पुढे सरकतील, म्हणून आधीच सांगते. विषय पैशाचा आहे, पण तुमच्याआमच्या जिवाशी येऊन ठेपणारा. आपण आजारी पडलो की सरकारी योजनेतून दवाखान्याला किती पैसे मिळतात, तो आकडा कोण ठरवतो, आणि तो ठरत असताना आपण कुठे असतो, एवढेच मला बोलायचे आहे.

हे माझ्या डोक्यात घातले ते माझ्या भाचीने. धाकट्या भावाची ही मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला फिजिशियन आहे. रविवारी तिचा फोन येतो. मागे २०२५ साली एकदा म्हणाली, "आत्या, पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनला जातेय, खासदारांना भेटायला."

मी म्हटले, "निवडणुकीला उभी राहतेस की काय?"

"अगं नाही गं! मेडिकेअरचे दर वाढवा म्हणून सांगायला. आम्ही बरेच डॉक्टर मिळून जातो."

मेडिकेअर म्हणजे तिथल्या पासष्टीपुढच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा. १९६५ च्या कायद्याने आलेला. कुठल्या तपासणीला डॉक्टरला किती पैसे द्यायचे हे सरकार ठरवते. १९९७ साली तिथल्या संसदेने खर्चाला लगाम म्हणून एक सूत्र घालून दिले: खर्च मर्यादेबाहेर गेला की पुढे डॉक्टरांचे दर आपोआप कापायचे. २००२ मध्ये अशी एक कपात झालीही. त्यानंतर मात्र कपातीची तारीख जवळ आली की डॉक्टरांच्या संघटना खासदारांच्या दारात, आणि संसद कपात पुढे ढकलायची. असे थोडेथोडके नाही, १७ वेळा झाले! शेवटी एप्रिल २०१५ मध्ये ते सूत्रच मोडीत काढले. तरीही २०२५ मध्ये २.८३ टक्क्यांची कपात आलीच, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या कायद्याने २०२६ या एका वर्षापुरती अडीच टक्के वाढ दिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे म्हणणे असे, की दवाखाना चालवण्याची महागाई धरली तर २००१ ते २०२५ या काळात हे दर ३३ टक्क्यांनी घसरले. तिथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची 'आपी' नावाची संघटना आहे, तीसुद्धा खासदारांना भेटण्यासाठी वेगळा दिवस ठेवते.

मला आधी वाटले, श्रीमंत देशातली ही भांडणे, आपल्याला काय त्याचे! पण मग आपल्याकडचे पाहू लागले, तर चित्र फारसे वेगळे नाही.

आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, तेव्हा सिंधुदुर्गालाही मिळाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते, ते पाच लाख झाले, आणि १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे असे कुठलेही रेशनकार्ड असलेले कुटुंब त्यात आले. म्हणजे माझ्यासारखी पांढऱ्या कार्डाची पेन्शनरसुद्धा!

योजना 'पॅकेज'वर चालते. एका शस्त्रक्रियेला एक ठोक रक्कम. त्यातच खाट, जेवण, तपासण्या, औषधे, सर्जन, भूल देणारा डॉक्टर आणि घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी. रुग्णाकडून एक पैसा घ्यायचा नाही. ऐकायला किती छान वाटते! पण ही ठोक रक्कम पुरते का, हाच वादाचा मुद्दा.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू होताना सिझेरियनला ९,००० रुपये ठरले होते. इंडियन मेडिकल असोसिएशनने तेव्हाच हे दर परवडण्यासारखे नाहीत म्हणून आवाज उठवला. पुढच्याच वर्षी दरांची यादी सुधारावी लागली. महाराष्ट्रातही दर जुने आणि पैसे उशिरा ही खाजगी रुग्णालयांची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. हरियाणात तर ऑगस्ट २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी खाजगी डॉक्टरांनी या योजनेखाली रुग्ण घेणेच काही दिवस थांबवले होते.

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचे नाही. लहानसा दवाखाना, चार नर्सेस, एक जनरेटर. मी त्यांना सरळ विचारले, तुम्ही योजनेत का नाही? ते म्हणाले, "बाई, नर्सचा पगार एक तारखेला द्यावा लागतो. ऑक्सिजनवाला उधारीवर थांबत नाही. योजनेचे पैसे केव्हा येतील ते मी तिला काय सांगू?" मला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. शहरातले मोठे रुग्णालय इकडचा तोटा तिकडे भरून काढू शकते. लहान दवाखान्याला ते जमत नाही. तो बंद झाला तर आम्हा मालवण पट्ट्यातल्या लोकांना रात्री-अपरात्री कुडाळ, ओरोस, नाहीतर थेट गोव्यात बांबोळी गाठावी लागते.

हे ऐकून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. कारण हे सगळे आम्ही शाळेत पाहिलेले आहे. अनुदानित शाळेला पगाराव्यतिरिक्त खडू, वीजबिल, डागडुजी यांसाठी 'वेतनेतर अनुदान' असते. ते पुरत नसे, वेळेवर येत नसे. मग शाळा काय करणार? पालकांकडून 'स्वेच्छा देणगी' घेतली जाई. फी माफ, पण देणगी घ्या! सरकारने कागदावर फुकट केलेली गोष्ट कुणाच्या तरी खिशातून भरली जातेच, आणि तो खिसा बहुतेक वेळा सगळ्यात फाटका असतो.

दवाखान्यातही तेच. आमच्या वाडीतला एक शेजारी, होडीवर पर्यटकांना फिरवणारा. सीझनच्या ऐन गर्दीत छातीत कळ आली. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथून त्याच्या झिलाचा मला फोन. "बाई, रेशनकार्ड आसा, आधार आसा. पण योजनेची खाट खाली नाय म्हणतत. पैसे भरल्यात तर आजच घेतो असा सांगतत." आता त्या क्षणी पोरगा वाद घालणार की बापाला आत नेणार? त्याने आईच्या बांगड्या सोसायटीत गहाण टाकल्या. स्टेंट बसली, माणूस वाचला, देवाची कृपा. पण सीझन गेला, होडी विकावी लागली. आता तो दुसऱ्याच्या होडीवर रोजाने जातो.

त्या रुग्णालयात खरोखर खाट नव्हती का, मला ठाऊक नाही. पण दर परवडत नसेल तर योजनेतल्या खाटा लवकर 'भरतात', हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणजे डॉक्टर आणि सरकार यांच्या भांडणात दर कमी पडला, तर वरची रक्कम त्या बांगड्यांनी भरली. आणि या दोघांत कुणीही त्या बांगड्यांच्या मालकिणीला विचारले नव्हते.

मला इथेच थांबून सांगावेसे वाटते, की डॉक्टरांनी आमदार-खासदारांना भेटण्यात काहीही वावगे नाही. आम्ही शिक्षकांनी आयुष्यभर दुसरे काय केले? १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आठवतो का कुणाला? सरकारी कर्मचारी आणि शिक्षक, केंद्रासारखा महागाई भत्ता मिळावा म्हणून. तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच होतो, सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. आमची मागणी रास्त होती असेच मी आजही म्हणेन. शिवाय आम्हाला विधान परिषदेत हक्काचे दार आहे. ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या. आमचा कोकण विभागाचा आमदार आमच्यासाठी लक्षवेधी मांडू शकतो.

डॉक्टरांना असा मतदारसंघ नाही, पण त्यांची संघटना १९२८ पासूनची, गावोगाव शाखा असलेली. निवेदन देता येते, मंत्रालयात बैठक मिळते, नाही जमले तर कोर्टाचा रस्ता आहे. मे २०२० मध्ये कोरोनात राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांचे दिवसाचे दर ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे बांधले. डॉक्टर संघटनांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोरोना नसलेल्या रुग्णांवरची दरबंदी रद्द ठरवली. संघटित माणसाचे म्हणणे ऐकले जाते, हा त्याचा अर्थ.

रुग्णाचे काय? रुग्ण ही काही कायमची जात नव्हे. माणूस आठ दिवस रुग्ण असतो, बरा झाला की पुन्हा मच्छीमार, नाहीतर आंबेवाला. त्याची संघटना कशी व्हायची? २०१८ मध्ये गोव्याने बांबोळीच्या रुग्णालयात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा आपल्या दोडामार्गातल्या लोकांना आंदोलन करावे लागले, त्यानंतर कुठे राज्यकर्ते हलले. डॉक्टर बैठकीत बोलतो, रुग्णाला रस्त्यावर बसावे लागते. आजारी माणसाने रस्त्यावर बसायचे, ही काय रीत झाली? जन आरोग्य अभियानासारख्या संस्था रुग्णांच्या वतीने बोलतात, पण त्या किती ठिकाणी पुऱ्या पडणार!

भाचीला मी हेच विचारले. "तुम्ही खासदाराकडे जाता तेव्हा बरोबर एखाद्या म्हाताऱ्या पेशंटला नेता का गं?" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पेशंटच्या गोष्टी सांगतो आम्ही, आत्या. पेशंटला नाही नेत." गोष्ट सांगणे वेगळे आणि माणूस समोर बसवणे वेगळे. वर्गात मुलाबद्दल पालकांशी बोलणे आणि मुलाला बोलू देणे यात जो फरक आहे, तोच.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. डॉक्टरांना पुरेसा दर द्या. तो कसा काढला तो हिशेब सगळ्यांना वाचता येईल असा लावा. ठरावीक वर्षांनी तो बदलाच, कुणी मोर्चा काढेपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतले दर दहा वर्षांहून अधिक काळानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम मोठ्या प्रमाणावर बदलले, इतकी वाट का बघायची? दवाखान्याचे पैसे वेळेवर द्या. आणि एवढे दिल्यावर मात्र 'खाट नाही' किंवा 'वरचे पैसे भरा' म्हणणाऱ्याला जाब विचारा. दर ठरवणाऱ्या बैठकीत दोन खुर्च्या रुग्णांसाठी ठेवा. सरकार आणि डॉक्टर दोघांनाही त्या खुर्च्या अडचणीच्या वाटतील. पण शाळेत पालक-शिक्षक संघ आला तेव्हा आम्हालाही अडचणच वाटली होती. नंतर त्याच पालकांनी शाळेसाठी आमदाराकडे खेटे घातले.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळते का ते आजच पाहा, आजारी पडल्यावर नको. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठा. कुणी वरचे पैसे मागितले किंवा खाट नाही म्हणाले, तर १५५३८८ या नंबरवर तक्रार करा आणि पावती जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी आमदार वाडीत आले की रस्ता, पाणी, धूपप्रतिबंधक बंधारा यांच्या यादीत हाही प्रश्न घाला: दर ठरवताना आमच्यातर्फे कोण होते?

माझ्या भावंडांपैकी आणि वाचकांपैकी जे डॉक्टर आहेत, त्यांचा काही वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवा. रागावलात तरी चालेल, पण लिहा.

असो. आज इतकेच.