नमुना नऊमधला नसलेला रकाना

माझी सारी नोकरी ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात गेली. अशाच एका तपासणीसाठी बोईसरजवळच्या दांडीला मुक्कामी असताना किनाऱ्यावरच्या जाळी ठेवायच्या झापाला आग लागली. नायलॉनचं जाळं आधी वितळतं, मग पेटतं, आणि त्याचा एक जळता थेंब खालच्या ढिगावर पडला की तोही गेलाच. बाया हंड्यांनी खाडीचं पाणी ओतत होत्या. बंब यायचा होता बोईसरकडून, औद्योगिक वसाहतीतून. तो आला तेव्हा विझवायला फक्त वासे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजातली एक मावशी घरपट्टीची पावती घेऊन पुढ्यात उभी राहिली. "साहेब, यात बंबाचे पैसे कुठले?"

मी नमुना नऊ, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडली. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. बंबाचा रकानाच नाही.

आणि हा रकाना ग्रामसेवक घालायला विसरला होता, असंही नाही. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत 29 विषय घातले, त्यात अग्निशमन नाही. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत मात्र ते सातव्या क्रमांकावर आहे. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलात तर अग्निशामक कराची ओळही असते. बोईसर शहरासारखं फुगलं तरी तिथला कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला, किनाऱ्यावरच्या दांडी-नवापूरची तर गोष्टच सोडा.

त्यात करमाफीची भर. घटनेच्या कलम 285 प्रमाणे केंद्राच्या मिळकतीवर स्थानिक कर बसत नाही. या पट्ट्यात लोक 1969 पासून वीज देणाऱ्या अणुवीज केंद्राकडे बोट दाखवून "केंद्राचं आहे, कर नाही" असं सरसकट सांगतात. हे तितकं सरळ नाही. ते केंद्र चालवते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही कंपनी, आणि सरकारी कंपनीची मिळकत म्हणजे केंद्राची मिळकत नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने अशाच दुसऱ्या एका कंपनीच्या बाबतीत सांगितलं आहे. मिळकत थेट केंद्राच्या मालकीची असेल तिथेही हात रिकामे राहायचं कारण नाही. राजकोट महानगरपालिकेच्या वादात 2009 साली ठरलं की कर नसला तरी सेवा आकार द्यावा लागेल: सगळ्या सेवा घेतल्या तर मिळकतकराच्या 75 टक्के, काही सेवाच घेतल्या तर 50, एकही घेतली नाही तरी 33⅓. पण तो वाद महापालिकांचा. मी पाहिलेल्या पंचायतींच्या वह्यांत "केंद्र शासन, करमाफ" एवढा शेरा असायचा, पुढची पानं कोरी.

कारखान्यांची तऱ्हा वेगळी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 125 खाली करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. ती ग्रामनिधीत पडते आणि गटारात, दिव्यांत विरून जाते. कुठल्याही सरपंचाला हे सोयीचंच. गटाराचं उद्घाटन होतं, तयारीचं होत नाही.

बंबाचा खरा खर्च आगीचा नसतो, वाट पाहण्याचा असतो. तीन पाळ्या, चालक, फायरमन, दर पाळीला पंप चालवून पाहणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी 5,000 कोटींची योजना काढली. त्यातून गाडी येईल, इमारत होईल. रात्री दोन वाजता जागा असणाऱ्याचा पगार कोण देणार? एका नगरपंचायतीत मी नवा कोरा बंब पाहिला होता. बॅटरी उतरलेली, चालक कंत्राटी, कंत्राट संपलेलं. होजपाइपावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

औद्योगिक वसाहतीचा बंब गावांना येतो, नाही असं नाही. पण जानेवारी 2020 मध्ये वसाहतीतल्या स्फोटात आठ माणसं गेली. तशा संध्याकाळी दांडीत चूल उलटली, तर इकडे कोण धावणार?

माझं म्हणणं साधं आहे. बोईसरपासून किनाऱ्यापर्यंतच्या पंचायतींनी मिळून एक अग्निशमन केंद्र चालवावं. ठोक रकमेच्या करारात बंबाचा हिस्सा वेगळा लिहून घ्यावा. वाटणी घरांच्या संख्येवर नको, धोक्यावर हवी. मावशीच्या कौलारू घराला वर्षाचे थोडे रुपये, रसायनाच्या टाकीला तिच्या पोटात जे आहे त्याप्रमाणे.

त्या तपासणीच्या अहवालात मी यावर एक परिच्छेद लिहिला होता. अनुपालन आलं: "सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही." पुढच्या वर्षी परिच्छेद वगळण्यात आला.