बॅकला किती गुण?

कोल्हापुरात माणसाला तीन गोष्टी जन्माबरोबर मिळतात. रंकाळ्याचा वारा, तांबड्या रश्शाची सवय आणि फुटबॉलची एक टीम. पहिल्या दोन पुढेमागे सुटू शकतात. नोकरी माणसाला पुण्याला नेते आणि डॉक्टर रस्सा बंद करतो. टीम मात्र सुटत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे ऐकून परगावच्या पाहुण्याला वाटते, हे गृहस्थ कुस्तीच्या आखाड्यांची यादी वाचून दाखवताहेत. त्याचेही चुकत नाही. तालीम मूळची कुस्तीची आणि तिच्याच नावाची टीम फुटबॉलची. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस नुसता खेळ बघायला आलेला नसतो, तो आपली पेठ बघायला आलेला असतो. समोरच्या टीमने कितीही देखणा गोल मारला तरी टाळी वाजवायची नाही, हा इथला अलिखित कायदा. घरी जाऊन, दार लावून, हळू आवाजात "मारला मात्र झकास" म्हणायला हरकत नाही.

अशा गावात, आणि आमच्याच घरात, फितुरी शिरली.

माझा पुतण्या लिव्हरपूलचा. म्हणजे राहायला आमच्याकडेच, पण भक्ती तिकडची. खोलीत तांबडा झेंडा, अंगात तांबडा शर्ट. एका रविवारी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडची मॅच लागली होती. युनायटेडच्या फॉरवर्डने गोल मारला आणि आमचे चिरंजीव टाळ्या वाजवत उठले!

"अरे, गोल तुझ्यावर झालाय!"

"म्हाईत हाय काका. पण त्यो माझ्या टीममधी हाय."

"मग तू नक्की कुणाचा?"

"लिव्हरपूलनं जिंकायचं, पण ह्यानं दोन गोल मारायचे. चार-दोन झालं की विषय हार्ड!"

नवऱ्याच्या बाजूनेही नाचायचे आणि नवरीच्या बाजूनेही, असला हा प्रकार. याला फँटसी फुटबॉल म्हणतात. 1962 साली अमेरिकेत ओकलंडच्या बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थाने मित्रांना जमवून अशी पहिली लीग काढली. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळण्याचा. हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणायचे, हे त्या देशालाच ठाऊक. आपल्या ओळखीच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलचा इंग्लिश प्रीमियर लीगवाला खेळ 2002 च्या सुमारास सुरू झाला. तो फुकट असतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा वहिनींनी पुतण्याचा मोबाइल दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवला होता. इथे पैसे लागत नाहीत, फक्त झोप लागत नाही, हे त्यांना पटवून द्यावे लागले.

खेळ असा. प्रत्येकाला दहा कोटी पौंड मिळतात. (खोटे. खरे मिळाले असते तर हा लेख मी लंडनहून लिहिला असता.) त्यात 15 खेळाडू घ्यायचे. 2 गोलकीपर, 5 बॅक, 5 हाफ, 3 फॉरवर्ड. एका क्लबचे तिघांच्या वर नाहीत. दर आठवड्याला त्यातले 11 मैदानात उतरवायचे, एकाला कॅप्टन करायचे. आठवड्यातली पहिली मॅच सुरू व्हायच्या दीड तास आधी दार बंद. मग ते खेळाडू तिकडे खऱ्या मैदानावर जे काही करतील, त्याचे गुण इकडे मंगळवार पेठेत जमा होतात.

आता गुण. खेळाडू मैदानात नुसता उतरला की 1. साठ मिनिटे टिकला की 2. म्हणजे हजेरीला गुण आहेत. आमच्या सरकारी कचेरीत ही पद्धत फार पूर्वीपासून होती. फॉरवर्डने गोल मारला तर 4, हाफने मारला तर 5, बॅकने मारला तर 6. आणि गोलकीपरने मारला तर 10!

"गोल एकच, मग भाव वेगळा का?" मी विचारले.

उत्तर वहिनींनी दिले. "तुमची बायको रोज च्या करतीया, तिला कोन काय म्हनतंय? आनि तुमी वर्सातनं एकदा केला, की सगळ्या गल्लीला कळतंय."

इतक्या थोडक्यात हा नियम इंग्लंडातही कुणी सांगितला नसेल. ज्याचे काम नाही त्याने केले, की गुण जास्त.

गोलला हात लावणाऱ्याला, म्हणजे शेवटचा पास देणाऱ्याला, 3 गुण. पेनल्टी बॉक्समध्ये एखाद्याला पाडले आणि त्या पेनल्टीवर दुसऱ्याने गोल केला, तरी पडणाऱ्याला 3. पडण्याचेही पैसे वसूल. गोलकीपरने तीन फटके अडवले की 1, पेनल्टी अडवली की 5. पेनल्टी वाया घालवली तर उणे 2, पिवळे कार्ड उणे 1, लाल कार्ड उणे 3. आपल्याच गोलात चेंडू घातला तर उणे 2. फक्त दोन! आमच्याकडे तसे करणाऱ्याला महिनाभर कुणी पानसुद्धा खाऊ घालत नाही. कॅप्टनचे गुण दुप्पट, आणि उणे असले तर उणेही दुप्पट. आठवड्याला ठरल्यापेक्षा जास्त खेळाडू बदलले, तर दर बदलाला 4 गुण कापतात. 2024-25 च्या मोसमात मोहम्मद सालाहने 29 गोल मारले, 18 गोलांना हात लावला आणि एकूण 344 गुण मिळवले. हा या खेळातला उच्चांक. ज्यांच्याकडे सालाह नव्हता, त्यांच्या घरी त्या वर्षी सुतक होते.

हे सगळे आमचा दादा ऐकत होता. दादा म्हणजे पुतण्याचे वडील. पेठेच्या टीमकडून अकरा वर्षे बॅक खेळला. अकरा वर्षांत त्याने एकही गोल मारला नाही. फायनल जिंकलेल्या दिवशी मिरवणुकीत खांद्यावर घेतात तो गोल मारणाऱ्याला. दादा त्या मिरवणुकीत लंगडत मागून चालायचा. आज पेठेत कुणालाही विचारा, अमक्या साली कुणी गोल मारला ते तारखेसकट सांगतील. किती गोल झाले नाहीत, हे लक्षात ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. त्या वर्षांची कमाई म्हणजे दादाचा उजवा गुडघा. पावसाळ्यात तो वेधशाळेच्या आधी बोलतो.

दादाने पेपर खाली ठेवला आणि विचारले, "आनि बॅकला रं?"

"टीमवर गोल झाला न्हाई तर बॅकला 4, बाबा. पण दोन गोल खाल्ले की उणे 1."

"त्ये झालं सगळ्या टीमचं. त्यानं सोताच्या अंगावर घेतलं, त्येचं काय?"

पुतण्या चमकला. मग म्हणाला, "त्येचं यंदापास्नं हाय." आणि त्याने मोबाइलवर 2025-26 चा नवा नियम वाचून दाखवला. चेंडू ठोकून लांब काढला, अंगाने फटका अडवला, मधल्यामध्ये पास तोडला, टॅकल केले. बॅकची असली कामे एका मॅचमध्ये मिळून 10 झाली की 2 गुण.

दादा बराच वेळ बोटे मोजत होता. "आनि पंचवीस झाली तर?"

"तरी दोनच."

"म्हंजे पंदरा फुकट."

"फुकटच."

"आनि नऊ झाली तर?"

"शून्य, बाबा."

"बरं हाय," दादा म्हणाला. "तेवीस वर्सांनी का हुईना, इंग्रजाला बॅक दिसला. आमच्या वक्ताला कोन मोजत हुतं?"

"मी मोजत हुते की," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "मॅचवरनं आल्यावर पायाला किती जाग्याला हळद लावायची, त्ये. एकदा तेरा झालती."

दादाने पेपर पुन्हा वर उचलला. पेपर उलटा होता. कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने बापाची टीम काढून दिली. नाव पेठेचेच. दहा कोटी पौंडांतून दादाने महागातले महाग बॅक उचलले. लोक तीन बॅक खेळवून वाचलेल्या पैशांत फॉरवर्ड घेतात, दादा पाचच्या पाच बॅक मैदानात उतरवतो. कॅप्टनही बॅकच. पुतण्याच्या मित्रांच्या लीगमध्ये चौदा जण आहेत आणि दादा तेरावा आहे. चौदावा जो आहे तो ऑक्टोबरपासून पासवर्ड विसरला आहे.

"दादा, एखादा तरी फॉरवर्ड कॅप्टन कर," असे मी अधूनमधून सुचवतो. तो ऐकत नाही. शनिवारी रात्री चष्मा लावून तो एकेका बॅकचे आकडे बघत असतो. परवा त्याच्या एका बॅकची नऊ कामे झाली होती, मॅच संपायला दोन मिनिटे होती, आणि त्या पोराने गोलच्या तोंडातून चेंडू उडवून प्रेक्षकांत भिरकावला. दहा! रात्री साडेदहा वाजता दादा गुडघा विसरून उभा राहिला आणि अशी शिट्टी मारली, की समोरच्या घरातला दिवा लागला.

"काय झालं ओ? गोल का?" समोरच्यांनी खिडकीतून विचारले.

"न्हाई," दादा म्हणाला. "व्हऊ दिला न्हाई!"